‘लीज’ की ‘लिव्ह अँड लायसन्स’? सही करण्याआधी घरात बसून वाचा

जून-जुलै आला की कोंढा-कोसऱ्यातून आणि पवनी तालुक्यातल्या गावागावांतून मुलंमुली शिक्षणासाठी बाहेर पडतात. कुणी भंडाऱ्याला जातं, कुणी नागपूरला. मग सुरू होते रूम शोधायची धावपळ. चार ठिकाणी फोन करायचे, दोन ठिकाणी जाऊन पाहायचं. आपल्या घरांना यात आणखी एक अडचण असते, ती आपल्याला वेगळी सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, आणि नाव सांगितलं की समोरून उत्तर येतं, “सॉरी, रूम कालच गेली.” असं दोनदा-तीनदा झालं की माणूस थकतो.

आणि मग एक दिवस रूम मिळते. घरमालक भला असतो, मोहल्ला बरा असतो. अब्बांच्या जिवावरचं ओझं उतरतं. त्याच वेळी एजंट आठ-दहा पानांचा इंग्रजी कागद पुढे करतो आणि म्हणतो, “फॉर्मॅलिटी आहे चाचा, इथे सही करा.”

आपण सही करतो. वाचत नाही. रूम मिळाली याच्याच आनंदात असतो, आणि जास्त प्रश्न विचारले तर हातची रूम जाईल अशी भीतीही असते. आमच्या पाहण्यात बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं. सहा महिन्यांनी डिपॉझिट अडकतं, मध्येच रूम सोडायची वेळ येते, आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं, “कागदावर काय लिहिलंय ते पाहा.” कागदावर असतात लीज, लायसन्स, लायसन्सी, लॉक-इन असे शब्द. म्हणून आज हे शब्दच समजून घेऊ. शब्द इंग्रजी असले तरी त्यांच्यामागच्या गोष्टी आपल्या घरात जुन्याच आहेत.

‘लीज’ म्हणजे काय?

लीज म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून वस्तूचा वापर ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याच्या हाती देणं. जुन्या फ्रेंच भाषेत ‘सोडणे, हातून जाऊ देणे’ अशा अर्थाचं एक क्रियापद होतं, त्यावरून हा शब्द इंग्रजीत आला. मराठीत त्याला भाडेपट्टा किंवा नुसता पट्टा म्हणतात.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हा शब्द परका नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथे ‘मायनिंग लीज’ हा रोजचा शब्द. तलाव मासेमारी संस्थेला देतात, तेव्हाही ‘तलाव लीजवर गेला’ असंच आपण बोलतो. जमीन सरकारची, तलाव सरकारचा. घेणाऱ्याला मिळतो तो वापराचा हक्क, तोही मुदतीपुरता.

आणि आपल्याकडे याच अर्थाचा जुना शब्द आहे, इजारा. अरबीतून फारसीत आणि तिथून मराठीत आलेला. वऱ्हाडात, यवतमाळकडे, नावातच ‘इजारा’ असलेली गावं आजही आहेत. ठरावीक रकमेच्या बोलीवर जमीन घेणारा तो इजारदार. ‘किराया’ही अरबीतूनच आलेला. पुण्या-मुंबईकडे ‘भाड्याने खोली’ म्हणतात, आपण विदर्भात ‘किरायाने रूम’ म्हणतो, एवढाच फरक.

फिक्हच्या पुस्तकांतही इजारा हे स्वतंत्र प्रकरण असतं. तिथला मुद्दा साधा आहे. वस्तू मालकाचीच राहते, तिचा फायदा म्हणजे मन्फअत दुसऱ्याला दिली जाते, आणि मोबदला व मुदत दोन्ही आधी स्पष्ट ठरलेली असावी लागते. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या कामाचा जो करार येतो, त्यातही मुदत बोलून ठरलेली आहे: आठ वर्षं, आणि स्वखुशीने दहा. ‘पाहू पुढे’ असं मोघम काही त्यात नाही.

देणारा कोण, घेणारा कोण?

करारात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो जोडीच्या शब्दांत. लेसर आणि लेसी. लायसन्सर आणि लायसन्सी. कोण कोणता?

एक सोपी खूण लक्षात ठेवा. शब्दाच्या शेवटी ‘ई’ आली की तो घेणारा. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयी नोकरी करतो, तसंच हे. लेसर आणि लायसन्सर म्हणजे घरमालक. लेसी आणि लायसन्सी म्हणजे आपण, राहणारे. प्रत्येक कलम वाचताना आधी पाहायचं: ही जबाबदारी ‘ई’वाल्यावर टाकली आहे की दुसऱ्यावर? रंगरंगोटी कुणी करायची, नळ दुरुस्ती कुणाची, मेंटेनन्स कुणी भरायचा, हे सगळं त्या एका अक्षरावर ठरतं.

असाच आणखी एक शब्द घरांवरच्या पाटीवर दिसतो, ‘टू-लेट’. शाळेत शिकलेला ‘उशीर’वाला लेट हा नव्हे. हा लेट म्हणजे भाड्याने देणे. त्यावरूनच ‘सबलेट’: आपण भाड्याने घेतलेली जागा आपणच तिसऱ्याला भाड्याने देणे. बहुतेक करारांत याला सक्त मनाई असते. मुलाने मित्राला रूमवर कायमचं ठेवून घेतलं आणि त्याच्याकडून अर्धं भाडं घेतलं, तर घरमालक त्याला सबलेट म्हणू शकतो. म्हणून दोघं राहणार असतील तर दोघांचीही नावं पहिल्याच दिवशी करारात घाला.

मग ‘लिव्ह अँड लायसन्स’ काय आहे?

आता मुख्य मुद्दा. नागपूर, पुणे, मुंबई कुठेही रूम घ्या, तोंडाने सगळे ‘रेंट ॲग्रीमेंट’ किंवा ‘लीज’ म्हणतात. पण महाराष्ट्रात कागदाच्या माथ्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं ‘लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट’. ही लीज नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची व्याख्या करणारे कायदेही वेगळे आहेत. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे, १८८२ चे. लीजची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे, लायसन्सची सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये.

यातला ‘लिव्ह’ म्हणजे घर सोडून जाणे नव्हे. इथे लिव्ह म्हणजे संमती, परवानगी. आपल्या ‘रजा’ या शब्दासारखाच हा आहे. रजा म्हणजे सुट्टी, आणि रजा म्हणजे राजीखुशी, परवानगीसुद्धा. पाहुणा उठताना म्हणतो, “रजा घेतो.” इंग्रजीतल्या लिव्हलाही असेच दोन अर्थ आहेत. म्हणजे लिव्ह अँड लायसन्स हे रजा आणि परवाना झालं. मालक म्हणतो, माझ्या जागेत अमुक तारखेपर्यंत राहायला माझी रजा आहे.

फरक असा. लीजमध्ये जागेवर मुदतीपुरता आपला हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये जागेवर कुठलाही हक्क येत नाही, फक्त तिथे राहणं बेकायदा ठरत नाही. शेत ठेक्याने घेणं आणि कुणाच्या शेतातून जायची परवानगी असणं यात जो फरक, तोच हा. म्हणूनच लायसन्सच्या करारात ‘भाडं’ हा शब्द टाळून ‘लायसन्स फी’ किंवा ‘मासिक मोबदला’ असं लिहितात.

हा प्रकार आला कुठून?

पूर्वी मुंबईकडे १९४७ चा भाडे कायदा होता. आपल्या विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश होता. दोन्हींमध्ये भाडेकरूला मोठं संरक्षण होतं. सहजासहजी घर खाली करता येत नसे, भाडं वाढवता येत नसे. घरमालक धास्तावले आणि ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून लायसन्सवर जागा देऊ लागले. मग मुंबईच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानलं गेलं. पुढे हे सगळे जुने कायदे बाजूला होऊन सगळ्या राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. यात लायसन्सचे नियम स्पष्ट लिहिले गेले, आणि शहरांत तीच पद्धत रुळली.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

समजा कोंढ्याची एक मुलगी नर्सिंगसाठी नागपूरला गेली. अम्मीसोबत राहायला छोटी जागा घेतली. महिना ६,००० रुपये, डिपॉझिट १२,०००, मुदत ११ महिने. कागद लिव्ह अँड लायसन्सचा आहे. तर या गोष्टी तिला माहीत पाहिजेत.

पहिली गोष्ट, मुदत. कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की जागा परत द्यावीच लागते. नाही दिली तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. म्हणजे या हिशेबात महिन्याचे १२,०००. परीक्षा मेमध्ये आणि करार एप्रिलमध्ये संपतो, असं होऊ देऊ नका. नूतनीकरणाचं बोलणं महिना-दोन महिने आधीच करा, आणि तेही लेखी.

दुसरी गोष्ट, नोंदणी. अनेकांना वाटतं, ११ महिन्यांचा करार असला की रजिस्ट्री लागत नाही. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदवलेला लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं मानलं जातं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून ‘नोटरी केली की झालं’ यावर समाधान मानू नका.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर शेकडा २५ पैसे. या उदाहरणात ११ महिन्यांचे ६६,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज सुमारे १,१०० असे ६७,१०० होतात. म्हणजे शुल्क दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, त्यावर एजंटचा मेहनताना. हा खर्च कुणी करायचा ते आधीच बोलून घ्या. करार मराठीतही करता येतो. मागायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट, लॉक-इन. म्हणजे इतके महिने जागा सोडायची नाही अशी अट. त्याआधी निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरा, असं त्यात लिहिलेलं असतं. मुलीला दोन महिन्यांत हॉस्टेल मिळालं तर? लॉक-इन सहा महिन्यांचं असेल तर चार महिन्यांचं भाडं अंगावर येऊ शकतं. नोटीस पिरियड वेगळा. तो म्हणजे सोडण्याआधी किती दिवस कळवायचं ते. आपण दोन्ही एकच समजतो, तिथे फसतो.

चौथी गोष्ट, वाढ. १९९९ च्या कायद्याखाली भाडेकरू असेल तर घरमालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करता येते. लायसन्समध्ये मात्र जे लिहिलं तेच. दर ११ महिन्यांनी १० टक्के लिहिलं असेल तर १० टक्के.

पाचवी गोष्ट, रोज वापरात येणारा ‘पीजी’. पेइंग गेस्ट म्हणून एखाद्या घरात राहणारी मुलगी या कायद्याच्या व्याख्येत लायसन्सी धरली जात नाही. म्हणजे वरचे नियम तिला जसेच्या तसे लागू नाहीत. तिथे तर पैशांची पावती आणि अटींचा साधा का होईना कागद आणखी गरजेचा आहे.

कागदाचं नाव मोठं की आतला मजकूर?

१९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदाला लीज म्हटलं की लायसन्स, एवढ्यावर जाऊ नका, दोघांनी खरोखर काय ठरवलं ते पाहा. पण महाराष्ट्रात राहण्यासाठीच्या लेखी लायसन्सबाबत कलम २४ असंही सांगतं की करारात जे लिहिलं आहे तोच निर्णायक पुरावा. म्हणजे घरमालक तोंडाने म्हणाला होता, “लॉक-इनचं काही नाही हो, आपण घरचेच,” ते नंतर कामाला येणं कठीण. तोंडी सवलत मिळाली असेल तर तिथेच पेन काढा आणि तेवढी ओळ कागदात घाला. भला माणूस यावर नाराज होत नाही.

डिपॉझिट म्हणजे अमानत

डिपॉझिटला मराठी कागदांत ‘अनामत रक्कम’ म्हणतात. हा आपला ‘अमानत’च, मराठीत अक्षरं उलटीसुलटी झालेला. शब्दातच सगळं आलं. ती रक्कम घरमालकाची कमाई नाही, त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सुचवली आहे. पण असा नमुना कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तोवर आपलं रक्षण करारातली ओळच करणार.

ती ओळ अशी हवी: जागा परत दिल्यावर किती दिवसांत रक्कम परत, आणि कोणत्या कारणासाठी किती कापणार. ‘झीज-तूट’ वगळून, असंही लिहून घ्या. राहायला गेल्या दिवशीच भिंती, नळ, पंखे, काचा यांचे मोबाईलवर फोटो काढून घरमालकाला पाठवा. डिपॉझिट रोखीने देऊ नका. द्यावंच लागलं तर पावती घ्या.

आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपल्यातले कितीतरी जण घरमालकही आहेत. भंडाऱ्यात, पवनीत, नागपुरात दोन खोल्या किरायाने देतात. आपल्याकडे ठेवलेली अमानत आपण वेळेवर परत करतो का, हेही स्वतःला विचारू.

गावातली लीज विसरू नका

कोंढ्यात घरभाड्यापेक्षा मोठा व्यवहार शेतीचा आहे. धानाची बांधी ठेक्याने किंवा बटईने दिली जाते. बहुतेक वेळा तोंडी. यामागेही एक भीती आहे. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा आहे, आणि कागद केला तर कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल असं मालकाला वाटतं. पण कागद नसल्याचा त्रास कसणाऱ्याला होतो. आधारभूत केंद्रावर धान विकायला सातबारा लागतो, तो मालकाच्या नावाचा. विक्री, नुकसानभरपाई सगळं त्याच्या नावाने जातं, आणि मग विश्वासावर हिशेब. निदान मुदत, रक्कम आणि नुकसान झालं तर कोण किती सोसणार, एवढं तरी दोन साक्षीदारांसमोर, तलाठ्याचा किंवा वकिलाचा सल्ला घेऊन लिहा.

मशीद, दर्गा, कब्रस्तानच्या दुकानगाळ्यांबद्दलही एक गोष्ट. वक्फच्या जागेची लीज वेगळ्या नियमांनी चालते. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीला वक्फ मंडळाची आधी मंजुरी लागते, आणि तीस वर्षांहून जास्त मुदतीची लीज देताच येत नाही. गाळा घेणाऱ्याने आणि देणाऱ्या कमिटीने, दोघांनीही हे तपासावं.

सही करण्याआधी पाच प्रश्न

१. कागदाच्या माथ्यावर काय लिहिलंय: लीज, लिव्ह अँड लायसन्स, की आणखी काही?
२. मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि परीक्षा-नोकरीशी ती जुळते का?
३. लॉक-इन किती, नोटीस किती?
४. अनामत कधी आणि किती परत मिळणार?
५. नोंदणी होणार का, आणि नोंदवलेल्या कराराची प्रत आपल्याला मिळणार का?

एजंटला म्हणा, “कागद आज व्हॉट्सॲपवर पाठवा, सही उद्या करतो.” एका रात्रीत रूम जात नाही. त्या रात्री घरात ज्या मुलाला-मुलीला इंग्रजी बरं येतं तिला तो कागद मोठ्याने वाचायला लावा आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लावा. न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी आधी त्याच रेघांबद्दल विचारा.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला सूरह बकरापासून आहे. लिहिलेलं वाचूनही घ्यायचं, एवढंच आपल्याकडून राहून जातं.